नाब्लुसचा ऑलिव्ह तेलाचा साबण: वडोदऱ्यात वापरल्यानंतरचा अभिप्राय

ऑलिव्ह तेल, पाणी आणि अल्कली एवढ्या तीनच घटकांपासून बनणारा, पॅलेस्टाईनमधल्या वेस्ट बँक भागातल्या नाब्लुस शहराचा साबण दुबईत राहणाऱ्या माझ्या जाऊबाईंनी दिवाळीला वडोदऱ्यास येताना आणला आणि तेव्हापासून दांडिया बाजारातल्या आमच्या घरी सगळेच तो वापरत आहेत. वडी चौकोनी, पिवळसर पांढरी, वर अरबी अक्षरांचा ठसा आणि भोवती साधा कागद. सुगंधी द्रव्य मुळीच नाही. वडी नाकाशी नेली तरच तेलाचा सौम्य वास येतो. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात फेस बेताचाच होतो, पण उटण्यानंतर अंग स्वच्छ निघते आणि त्वचा ओढल्यासारखी होत नाही. थंडी सुरू झाली की सासूबाईंच्या पायांना भेगा पडतात. त्यांनी तर अभ्यंगस्नानानंतरही हाच साबण चालू ठेवण्यास सांगितले.

हा साबण घाईने बनत नाही. मोठ्या कढईत तेल अनेक दिवस शिजवतात, मिश्रण कारखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या फरशीवर ओतून पसरतात, आखून कापतात, प्रत्येक वडीवर ठसा मारतात आणि मग वड्यांचे आतून पोकळ, उंच मनोरे रचून कित्येक आठवडे वाळवतात. युनेस्कोने 2024 मध्ये या कारागिरीचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. पूर्वी नाब्लुसमध्ये असे कारखाने डझनांनी होते. आज मोजकेच उरले आहेत. 2002 च्या एप्रिलमधील इस्रायली लष्करी कारवाईत जुन्या शहरातले काही कारखाने उद्ध्वस्त झाले.

या वडीची किंमत आणि तिची अनियमित उपलब्धता समजून घ्यायची, तर तिच्यातले तेल कोणत्या वाटेने येते ते पाहावे लागते. नाब्लुसभोवतीच्या टेकड्यांवर यित्झार, इतामार, हार ब्राखा, एलोन मोरे अशा इस्रायली वसाहती, म्हणजे इस्रायलने ताब्यात घेतलेल्या या भागात वसवलेल्या इस्रायली नागरिकांच्या वस्त्या, आहेत आणि शहराच्या वाटांवर हुवारा, बैत फुरिक, दैर शरफ असे तपासणी नाके आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवीय कार्य समन्वय कार्यालयाने 2025 च्या सुरुवातीस केलेल्या पाहणीत वेस्ट बँकमध्ये नाके, लोखंडी फाटके, मातीचे ढिगारे असे मिळून 849 अडथळे मोजले गेले. हल्ले रोखण्यासाठी ते आवश्यक आहेत, अशी इस्रायलची भूमिका आहे. त्यांचा भार मात्र रोज कामावर, शाळेत किंवा दवाखान्यात जाणाऱ्यांवर पडतो. सकाळी घराबाहेर पडण्यापूर्वी लोक मोबाइलवरच्या गटांत कोणते फाटक उघडे आहे ते विचारून घेतात, कारण अर्ध्या तासाच्या प्रवासाला किती तास लागतील याचा भरवसा नसतो.

ऑलिव्हची तोडणी नेमकी आपल्या दिवाळीच्या सुमारास, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात असते. वसाहतींना लागून असलेल्या बागांमध्ये मालकालाही मनास येईल तेव्हा जाता येत नाही. लष्कराशी आधी समन्वय करून वर्षातले मोजके दिवस मिळतात. एरवी नांगरणी नाही, छाटणी नाही, मग झाड फळ तरी किती देणार? 2023 च्या हंगामात ही परवानगीही बहुतेक ठिकाणी रद्द झाली आणि सुमारे 96,000 दुनम, म्हणजे जवळपास 24,000 एकरांवरची तोडणी झालीच नाही. झाडे तोडली किंवा जाळली जाणे, तोडणी करणाऱ्या कुटुंबांना वसाहतवासीयांकडून मारहाण होणे, फळांची पोती पळवली जाणे हेही दर हंगामात घडते. ज्या झाडाला आजोबांनी पाणी घातले, त्याच्यापाशी नातवाने परवानगीवाचून जायचे नाही, हे वाचताना मला अतिशय वाईट वाटले आणि रागही आला.

तयार मालाची परवड यापुढची. इस्रायलमार्गे जाणाऱ्या मालासाठी व्यापारी नाक्यावर पॅलेस्टिनी ट्रक रिकामा करून, तपासणीनंतर तोच माल पलीकडच्या दुसऱ्या ट्रकवर चढवावा लागतो. हमाली दोनदा, भाडे दोनदा, आणि फाटक बंद झाले तर माल तिथेच खोळंबतो. जाऊबाईंच्या दुकानदाराने पुढची खेप कधी येईल हे सांगण्यास नकार दिला, तो मला प्रामाणिकपणा वाटला.

नेहमीच्या साबणाच्या कितीतरी पट किंमत देऊनही मी हा पुन्हा मागवणार आहे. भरपूर फेस आणि सुवास हवा असणाऱ्यांनी घेऊ नये, आणि केसांसाठीही माझ्या मते तो बरा नाही. आमच्या पाण्यात केस चिकट झाले. कोरड्या त्वचेला आणि लहान मुलांच्या आंघोळीला मात्र उत्तम. ओल्या साबणदाणीत ठेवल्यास वडी लवकर झिजते, म्हणून जाळीच्या दाणीत कोरडी ठेवावी. वेष्टनावर शहराचे नाव आहे, पण तेल कोणत्या गावच्या बागेतले आणि कोणत्या हंगामाचे, याचा उल्लेख नाही. विक्रेत्यांनी तो करावा आणि घेणाऱ्यांनीही आवर्जून विचारावा.