मुलांच्या निसर्गमंडळासाठी पैसे: सीएसआर घ्यावा की वर्गणी काढावी?

महिन्याभरात तिघांनी हेच विचारलं म्हणून एकदाच लिहून टाकतो. आम्ही रत्नागिरीकडचे, शाळेतली तीसेक पोरं घेऊन गावच्या सड्यावरची (म्हणजे कातळाच्या सपाट माळावरची) फुलं, बेडूक, पक्षी यांच्या नोंदी ठेवतो. दोन वर्षं एका कंपनीच्या सीएसआरवर, म्हणजे कंपन्या सामाजिक कामासाठी देतात त्या पैशांवर, चालवलं, नंतरची तीन वर्गणीवर. ट्रस्टची नोंदणी, ऐंशी-जी (देणगीदाराला करसवलत), सीएसआर-वनचा फॉर्म (सीएसआर घेणाऱ्या संस्थेची नोंदणी) या कागदपत्रांत इथे शिरत नाही.

सीएसआर वाईट असं अजिबात म्हणणं नाही. रक्कम एकदम येते, दुर्बिणी येतात, एखाद्या शिकवणाऱ्याचं मानधन निघतं, आणि हिशेबाची शिस्त आम्हाला त्यांनीच लावली, नाहीतर आमची बिलं बिस्किटाच्या डब्यात असायची.

माझं डोकं फिरलं ते मार्चवरून. मंजुरी दिवाळीच्या आसपास, पैसे खात्यात मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि ३१ तारखेच्या आत खर्च दाखवा! आता मार्चमधला सडा बघितलाय का कोणी? काळा कातळ, करपलेलं गवत, चपलेतून पाय भाजतात. आमचं जे काय आहे ते जुलै ते सप्टेंबर, सीतेची आसवं, गेंद, सोनकी, डबक्यात बेडकांची पिल्लं, पाऊस सरला की खेळ खल्लास. मग केलं काय, तर टोप्या, टीशर्ट आणि एक भलामोठा बॅनर, त्यावर छापणाऱ्याने कुठूनतरी उचललेला परदेशी मकाव पोपट. पोरं उन्हात त्या बॅनरमागे उभी केली, फोटो काढला, सरबत पाजून घरी पाठवली. त्या वर्षी पावसाळ्यात टेम्पोच्या भाड्याला पैसे नव्हते.

वर रिपोर्टमध्ये रकाना, ‘लावलेल्या रोपांची संख्या’. अहो, सड्यावर माती बोटभर, ती बोटभर आहे म्हणून तर ही फुलं आहेत, तिथे भर टाकून झाडं लावली की फुलं गेलीच समजा. मी शून्य लिहिलं. लगेच फोन, ‘सर, निदान शंभर तरी?’ बोलणारा पोरगा बिचारा चांगला होता, त्यालाही वर कुणाला तरी आकडा द्यायचा असणार.

खरं तर कायद्यात यावर सोय आहे. कंपनीने काम ‘चालू प्रकल्प’, म्हणजे एका वर्षात न संपणारं काम, म्हणून धरलं तर उरलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येतात. आम्ही सुरुवातीला हे विचारलंच नाही, तुम्ही सही करायच्या आधी विचारा.

वर्गणीचं म्हणाल तर कटकट आहेच. वर्षाला जेमतेम २२ हजार जमतात, मानधन वगैरे विसरा, कुणाला फलकावर नाव हवं, कुणी विचारतं याने मार्क वाढतात का. पण आमच्याकडे वर्गणी निघते गणपतीत, चाकरमानी गावात असतात आणि सडा नेमका तेव्हाच फुललेला असतो. गौरीचा तेरडा आणायला मंडळी वर येतातच, त्यांना पोरं गाठतात. गेल्या वर्षी परळचे एक काका सहावीतल्या मुलीच्या सांगण्यावरून ओल्या कातळावर गुडघे टेकून भिंगातून सीतेची आसवं बघत होते, ती त्यांना सांगत होती की हे एवढंसं जांभळं फूल दिसतं ना, त्याच्या जमिनीखालच्या बारीक पिशव्या पाण्यातले जीव पकडून खातात. काका म्हणाले, ‘पन्नास वर्षं हे तुडवत गेलो गो.’ पँटचा चिखल न झटकताच ५०० रुपये काढून दिले, पुढच्या दिवशी भावाला घेऊन आले.

शाळेच्या इको क्लबला (पर्यावरण मंडळाला) काही पैसे येत असतील तर तेही जोडून घ्या, आणि पोरांच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीला जरूर द्या, गावातल्या झाडाप्राण्यांची नोंद ठेवणाऱ्या त्यांच्या लोकजैवविविधता नोंदवहीला उपयोगी पडतात, याला पैसे लागत नाहीत.

तुमच्या दहा-पंधरा शाळा असतील, पगारी माणूस लागणार असेल, तर वर्गणीवर भागेल असं मला वाटत नाही, सीएसआरच बघा. एक गाव, एक शाळा असेल तर मी तरी पावती पुस्तक छापेन. अर्थात गावागावात फरक असतो, आमच्याकडे गणपतीत येतात तसे मुंबईकर सगळ्यांकडे नसतात.

यंदा त्या कंपनीचा परत फोन आला होता. म्हटलं पैसे जूनमध्ये द्याल का, ‘कळवतो’ म्हणाले.