घर फर्निचरसकट विकायचं की रिकामं?

"किचनला साडेचार लाख घातलेत हो," असं आमचे हे फ्लॅट बघायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. समोरचा मान डोलवायचा, एखादी ट्रॉली ओढून बघायचा. मग एक दिवस एका काकूंनी सिंकखालचं दार उघडलं आणि फुगलेल्या प्लायवर अंगठा दाबला. चिमूटभर भुसा खाली पडला. काकू काही बोलल्या नाहीत, पण साडेचार लाखांची गोष्ट त्या दिवशी बंद झाली.

ठाण्यातल्या घोडबंदर रोडचा हा टू बीएचके आम्ही शेवटी फर्निचरसकट विकला. त्याच वर्षी माझ्या दिराने नेरुळचा वन बीएचके पूर्ण रिकामा करून विकला. दोन्ही जवळून बघितल्यावर माझं मत असं झालंय की फर्निचरने भाव फारसा वाढत नाही. घर लवकर जातं, तेही गिऱ्हाईक तसं असेल तर.

भाड्याने द्यायला घर घेणाऱ्याला सामान हवं असतं. नवी मुंबईत ऐरोली-घणसोलीकडे आयटीतली मुलं बॅग घेऊन राहायला येतात. तिथे बेड, कपाट, एसी तयार असले की घेणाऱ्याचा एखादा महिना वाचतो. ठाण्यातल्या नौपाड्यात किंवा पाचपाखाडीत मोठ्या घराच्या शोधात असलेल्या कुटुंबाकडे मात्र स्वतःचं सगळं असतं. त्यांच्या लेखी तुमचा एल-शेप सोफा म्हणजे अडगळ, आणि ती काढायचा खर्च ते किमतीतूनच मागतात.

रिकामं घर मोठं दिसतं हे खरं, पण ते काही लपवतही नाही. दिराने टीव्ही युनिट आणि वॉर्डरोब काढले तेव्हा मागे जुन्या रंगाचे चौकोन, खिळ्यांची भोकं आणि एका कोपऱ्यात आजवर कोणाला न दिसलेली ओल निघाली. पुट्टी, रंग, दोन फुटलेल्या टाइल्स असा खर्च वाढला. काढलेलं वॉर्डरोब दुसऱ्या घराच्या भिंतीत बसेना, आणि जुनं फर्निचर घेणाऱ्याने त्याचा प्लायच्या वजनाइतका भाव केला. सागवानी पलंगाला मात्र बरे पैसे आले. त्यामुळे मी तरी सांगेन, भिंतीला ठोकलेलं आहे तिथेच ठेवा, सुटं काढा. सुट्यातलं एसी, वॉशिंग मशीन असं काही शेवटच्या घासाघिशीसाठी हातात ठेवा. पंचवीस हजार कमी करण्यापेक्षा 'बरं, मशीन ठेवून जातो' म्हणणं स्वस्त पडतं.

आता कागदाचं, कारण घोळ इथेच होतात. एजंट हमखास सुचवतो, 'फर्निचरचं वेगळं अ‍ॅग्रीमेंट करू, स्टॅम्प ड्यूटी वाचेल.' ठाण्यात ती ७ टक्के आहे, घर बाईच्या नावावर घेतलं तर ६. समजा सौदा ९० लाखांचा आहे आणि त्यातले ८ लाख फर्निचरचे दाखवले. ७ टक्क्यांनी घेणाऱ्याचे ५६ हजार वाचले. पण बँक कर्ज देते फ्लॅटच्या अ‍ॅग्रीमेंटवर. ८० टक्के धरले तर ९० लाखांवर ७२ लाख मिळतात, ८२ लाखांवर ६५ लाख ६० हजार. म्हणजे ५६ हजार वाचवायला ६ लाख ४० हजार जास्तीचे खिशातून उभे करायचे! कर्ज काढणाऱ्याला हे झेपत नाही, म्हणून आमचा सौदा एकाच अ‍ॅग्रीमेंटवर झाला. शिवाय ड्यूटी रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला भाव आणि अ‍ॅग्रीमेंटची रक्कम यांतल्या मोठ्या आकड्यावर लागते. फ्लॅटचा भाव रेकनरच्या खाली नेऊन काहीच हाती लागत नाही.

विकणाऱ्यालाही मोह होतो. घरात स्वतः वापरलेलं सुटं फर्निचर भांडवली मालमत्तेत धरत नाहीत, त्यामुळे त्याच्या पैशावर भांडवली नफ्याचा कर नाही. म्हणून दहा वर्षं वापरलेल्या सोफ्याला नव्याचा भाव लावायचा, हे जमत नाही. उद्या विचारणा झाली तर बिलं तुम्हालाच दाखवायची आहेत. आणि 'फर्निचरचे तेवढे रोख द्या' म्हणणाऱ्यापासून लांब राहा. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर ती घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्यालाच, तेवढाच दंड होऊ शकतो.

सामान द्यायचं ठरलं तर टोकनच्या वेळीच यादी करा आणि ती अ‍ॅग्रीमेंटला जोडा. नुसतं 'एसी २' लिहू नका. कंपनी, टन आणि कुठल्या खोलीतला तेही लिहा. टोकन ते ताबा यात कर्ज, सोसायटीची एनओसी, रजिस्ट्रेशन यात दोन-तीन महिने सहज जातात. त्यात पावसाळा आला तर बंद घरातल्या गाद्यांना बुरशी धरते, आणि ती कोणाची जबाबदारी यावरून वाजतं.

आमची यादी चांगली दीड पानी होती. पंखे, गीझर, पडद्यांच्या रॉडसुद्धा होत्या. राहिला तो हॉलमधला झोपाळा. आमच्या मते तो सुटा, अर्थात आमचा. पण घेणाऱ्यांच्या आई दोन्ही वेळा बघायला आल्या तेव्हा त्याच्यावरच बसल्या होत्या; त्यांनी तो मनात घरासोबतच धरला होता. ताब्याच्या दिवशी यावरून अर्धा तास गेला. शेवटी पाट आणि साखळ्या आम्ही आणल्या. स्लॅबमधले हूक अजून तिथेच आहेत.