गोळीपलीकडचे मृत्यू मोजणारे संकेतस्थळ : ‘मॅपिंग पोलीस व्हायोलन्स’

अमेरिकी पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूंची कोणतीही नोंदवही समोर आली की मी तिच्यात आधी दोन नावे शोधतो : एरिक गार्नर आणि जॉर्ज फ्लॉइड. दोघेही कृष्णवर्णीय होते, दोघेही निःशस्त्र होते आणि दोघांवरही गोळी झाडली गेली नव्हती. गार्नर १७ जुलै २०१४ रोजी न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर, गळ्याभोवती हात आवळून त्यांना खाली पाडल्यावर मरण पावले. फ्लॉइड यांची मान २५ मे २०२० रोजी मिनिआपोलिसमध्ये ९ मिनिटे २९ सेकंद एका पोलिसाच्या गुडघ्याखाली होती. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या दैनिकाने २०१५ मध्ये सुरू केलेली नोंद निःसंशय मोलाची आहे आणि तिला २०१६ चे पुलित्झर पारितोषिकही मिळाले. परंतु कर्तव्यावरील पोलिसांच्या गोळीने झालेले मृत्यूच ती २०२४ अखेरपर्यंत मोजत होती, त्यामुळे फ्लॉइड यांचे नाव तिच्यात नाही. ‘मॅपिंग पोलीस व्हायोलन्स’ या संकेतस्थळावर दोन्ही नावे आहेत, आणि ते इतरांहून सरस का वाटते याचे माझे पहिले कारण हेच आहे.

ही सेवा विनामूल्य आहे. सॅम्युअल सिन्यांग्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उभी केली असून तिच्यातील नोंदी २०१३ पासूनच्या आहेत. वृत्तपत्रांतील बातम्या, पोलीस खात्यांची कागदपत्रे आणि इतर सार्वजनिक माहिती जुळवून प्रत्येक मृत्यूची एक ओळ तयार केली जाते : तारीख, शहर, पोलीस खाते, मृताचा वंश, मृत्यूचे कारण, मृत व्यक्ती सशस्त्र होती का आणि पोलिसांवर गुन्हा दाखल झाला का. संपूर्ण तक्ता उतरवून घेता येतो, त्यामुळे संकेतस्थळाने काढलेले निष्कर्ष जसेच्या तसे मानण्याची सक्ती वाचकावर राहत नाही. ही मोकळीक मला फार महत्त्वाची वाटते. गुन्हा दाखल झाल्याची नोंद असलेल्या ओळी मात्र फारच थोड्या आहेत. न्यूयॉर्क पोलिसांच्या नियमावलीत चोकहोल्डला, म्हणजे गळा आवळून धरण्याला, १९९३ पासून मनाई असूनही गार्नर प्रकरणात ग्रँड ज्युरीने (खटला भरावा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) खटला भरण्यास नकार दिला होता, हे आठवले म्हणजे त्या तक्त्यातले ते रकाने वाचणे जड जाते.

या सेवेचा खरा कणा म्हणजे तिची व्याख्या. गोळी, मारहाण, टेझर (विजेचा झटका देणारे शस्त्र), जखडून धरणे, मुद्दाम घातलेली गाडी किंवा पोलिसांनी केलेली अन्य कोणतीही इजा यांमुळे झालेला मृत्यू तिच्यात येतो, मग पोलीस कर्तव्यावर असो वा नसो. मानेवरील दाबाच्या प्रकरणांत अशा व्यापक व्याख्येवाचून काहीच हाती लागत नाही. श्वासनलिका दाबली जाणे हा एक प्रकार. मानेच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या दाबून मेंदूचा रक्तपुरवठा तोडणे, म्हणजेच कॅरोटिड होल्ड, हा दुसरा. गोळीची जखम जशी कागदावर स्वतःच बोलते तशी ही इजा बोलत नाही, आणि मग हृदयविकार, अमली पदार्थ किंवा ‘अनिश्चित’ असे शब्द मृत्यूच्या कारणापुढे येऊन बसतात. फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर पोलिसांनी काढलेल्या पहिल्या निवेदनात ही घटना ‘वैद्यकीय प्रसंग’ ठरवली गेली होती. गुडघ्याचा उल्लेखही नव्हता. कोलोरॅडोतील ऑरोरा येथे २०१९ मध्ये २३ वर्षांच्या एलायजा मॅक्लेन यांच्यावर कॅरोटिड होल्ड वापरण्यात आला, नंतर त्यांना केटामाइन हे गुंगीचे औषध टोचले गेले, आणि शवविच्छेदन अहवालात मृत्यूचे स्वरूप आरंभी ‘अनिश्चित’ असे नोंदले गेले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२१ साली आलेल्या अभ्यासाने १९८० ते २०१८ या काळातील पोलिसी हिंसेच्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक, सुमारे ५५ टक्के, सरकारी मृत्युनोंदीत तसे नोंदलेच गेले नसल्याचा अंदाज मांडला. सरकारी आकड्यांशी ताडून पाहण्यासाठी त्या संशोधकांनी ज्या नागरी नोंदींचा आधार घेतला, त्यांत हे संकेतस्थळही होते.

वंशाविषयीचा मुख्य निष्कर्ष स्पष्ट आहे : लोकसंख्येच्या प्रमाणात पाहता कृष्णवर्णीय व्यक्ती पोलिसांच्या हातून मरण्याचे प्रमाण गौरवर्णीयांच्या दुपटीहून बरेच अधिक आहे. हा आकडा लोकसंख्येवर बेतलेला आहे, पोलिसांशी आलेल्या प्रत्येक संबंधावर नव्हे, ही मर्यादा वापरणाऱ्याने लक्षात ठेवावी. तिच्यामुळे तो निरर्थक ठरत नाही, कारण कोणाला किती वेळा अडवले जाते हाच पक्षपाताचा पहिला टप्पा असतो.

माझा गंभीर आक्षेप निराळा आहे. ही सेवा केवळ मृत्यू मोजते, आणि मानेवर दाब दिलेली बहुसंख्य माणसे जिवंत राहतात. मिनिआपोलिस पोलिसांच्याच नोंदी तपासून एनबीसी न्यूजने २०२० मध्ये दाखवून दिले की २०१५ पासून तिथे किमान २३७ वेळा मानेवर दाब देण्यात आला आणि ४४ जण बेशुद्ध झाले. त्या बेशुद्ध झालेल्यांपैकी सुमारे तीन-पंचमांश कृष्णवर्णीय होते, आणि त्या शहरात कृष्णवर्णीय साधारण एक-पंचमांश आहेत. हे ४४ जण या तक्त्यात नाहीत. हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ रोलंड फ्रायर यांच्या २०१६ च्या अभ्यासात गोळीबारात वांशिक फरक आढळला नव्हता. धक्काबुक्की, बेड्या अशा कमी तीव्रतेच्या बळाचा अनुभव मात्र कृष्णवर्णीयांच्या वाट्याला गौरवर्णीयांपेक्षा पन्नास टक्क्यांहून अधिक प्रमाणात येत असल्याचे दिसले होते. गोळीबाराविषयीचा त्यांचा निष्कर्ष वादग्रस्त ठरला असला तरी पक्षपात शोधायचा तर मृत्यूच्या अलीकडेही पाहावे लागते, एवढे त्यातून नक्की कळते.

म्हणून पत्रकारांनी, कायद्याच्या विद्यार्थ्यांनी आणि या विषयावर मराठीत लिहिणाऱ्यांनी हे संकेतस्थळ अवश्य वापरावे, मात्र ज्या शहराविषयी लिहायचे त्या शहराच्या पोलीस खात्याने बळाच्या वापराची नोंद जाहीर केली असल्यास तीही सोबत उघडून ठेवावी. लॉस एंजेलिसमध्ये १९७६ साली गाडीचा मागचा दिवा बंद असल्याच्या कारणावरून अडवलेल्या अडॉल्फ लायन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा गळा तो बेशुद्ध होईपर्यंत आवळला गेला. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी चोकहोल्डच्या वापराविरुद्ध मनाई हुकूम काढण्याची त्याची मागणी फेटाळली, तेव्हा न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी आपल्या भिन्नमतात १९७५ पासून त्या शहरात चोकहोल्डने मेलेल्या १६ जणांचा हिशेब मांडला. त्यांतील १२ कृष्णवर्णीय पुरुष होते. आज अशी घटना घडली तर त्या १६ जणांच्या ओळी या तक्त्यात सापडतील, लायन्स यांची सापडणार नाही.