ट्रिलियमच्या बिया: 34 महिने, 7 पानं

आधीच सांगून टाकते, फूल अजून आलेलं नाही. बी पेरल्यापासून फूल यायला सात ते दहा वर्षं लागतात, म्हणजे आमच्याकडे 2030 च्या आसपास. हे वाचूनही उत्साह टिकला असेल तर पुढे वाचा.

आम्ही कॅनडात हॅमिल्टनला राहतो. पांढरं ट्रिलियम हे 1937 पासून आमच्या ऑन्टारिओ प्रांताचं अधिकृत फूल, इथल्या सरकारी चिन्हातही तेच. मे महिन्यात डंडास व्हॅलीत गेलं की मेपलची पालवी दाट होण्याआधी झाडांखालची जमीन पांढरी झालेली असते. तीन पानं, त्यावर तीन पाकळ्या, बस. फूल जुनं होत आलं की गुलाबी पडतं. आमच्या घरामागच्या मेपलखाली गवत काही केल्या धरत नाही, तिथे हेच लावायचं ठरवलं. हे फूल तोडलं तर ऑन्टारिओत दंड होतो असं सगळे छातीठोकपणे सांगतात. सरसकट तसा कायदा नाही, पण प्रांतिक उद्यानांत आणि संरक्षित जंगलात बंदी आहेच, आणि फुलासोबत पानं गेली की कंदाची उपासमार होते. उपटून आणणं तर नकोच. तयार रोपं महाग, शिवाय काही विक्रेते ती जंगलातूनच खणून आणतात. राहिल्या बिया.

पहिल्यांदा ऑनलाइन स्वस्तात मिळाल्या त्या घेतल्या. खडखडीत वाळलेल्या, कागदी पाकिटात, झेंडूच्या असाव्यात तशा. त्यांचं काहीच झालं नाही. ट्रिलियमचं बी वाळलं की बहुतेक वेळा कामातून गेलं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मग 2022 च्या जुलैअखेरीस, स्थानिक रानफुलांच्या एका रोपवाटिकेतून ताज्या बिया मागवल्या. ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरून ठेवणारे हलके खनिजाचे कण), प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत. पाकिटावर 30 लिहिलं होतं, मोजल्या तर 32 निघाल्या. तपकिरी बी आणि एका कडेला पांढुरका, मऊसर तुकडा. तो तुकडा मुंग्यांचा खाऊ. मुंग्या बी वारुळात नेतात, खाऊ खातात आणि बी टाकून देतात. जंगलात पेरणी अशीच होते. जास्तीच्या दोन बिया मी अंगणातल्या फरशीवर ठेवल्या आणि चहा घेऊन बसले. चहा संपायच्या आत पहिली मुंगी आली, मग तिच्या बहिणी, आणि दोन्ही बिया फरशीच्या फटीपर्यंत ओढत नेल्या. फटीत मावेनात, तर अर्धा तास नुसती खटपट चालली होती.

उरलेल्या 30 चे दोन भाग केले. 15 बाहेर कुंडीत, 15 फ्रिजमध्ये.

फ्रिज कशाला, तर या बीला दोन हिवाळे लागतात. पहिल्या थंडीनंतर मूळ फुटतं, दुसऱ्या थंडीनंतर पान. फ्रिजमध्ये तीन महिने थंडी, घरात तीन महिने ऊब, पुन्हा तीन महिने फ्रिज असं फिरवलं की एक वर्ष वाचतं. पिशवी कोथिंबिरीच्या डब्यामागे ठेवली होती. नवऱ्याने दोनदा ती कचऱ्यात टाकायला काढली. आई व्हिडिओ कॉलवर दर रविवारी विचारायची, "अगं, मटकीला दीड दिवसात मोड येतात, तुझ्या या बियांना झालंय तरी काय?" नोव्हेंबर ते जानेवारी पिशवी स्वयंपाकघरातल्या कपाटावर होती आणि तिथेच घोळ झाला. मी व्हर्मिक्युलाइट जरा जास्तच ओलं ठेवलं होतं. चार बियांना बुरशी लागली. मुठीत दाबल्यावर पाणी निथळलं तर ते जास्त आहे, नुसता ओलसरपणा हाताला लागला पाहिजे. जानेवारीत सात बियांना मूळ दिसलं. मे 2023 मध्ये त्या सात बिया वेगळ्या कुंडीत लावल्या, जूनमध्ये चारांनी पान काढलं. पान म्हणजे अरुंद, लांबट, गवताच्या पात्यासारखं. कुंडीवर पाटी नसती तर तण म्हणून उपटलं असतं. पुढच्याच आठवड्यात खारीने कुंडी उकरली आणि दोन गेली. त्यानंतर प्रत्येक कुंडीवर तारेची जाळी आली. तुम्ही पहिल्या दिवसापासून लावा.

आता माझ्या मूर्खपणाची गोष्ट. बाहेरची कुंडी मेपलच्या उत्तरेला, काठापर्यंत जमिनीत पुरलेली, वर पालापाचोळा. जून 2023 मध्ये फ्रिजवाल्या बियांची पानं वर आलेली आणि या कुंडीत नुसती काळी माती. मला मिरचीच्या रोपांसाठी कुंडी हवी होती. बिया मेल्या असं धरून चाललेच होते, सरळ वर्तमानपत्रावर ओतली. माती फोडायला लागले आणि बोटाला काहीतरी मऊ लागलं. तुटलं. बघते तर तांदळाच्या कणीसारखा पांढरा, गुबगुबीत अंकुर, एका टोकाला बीचं तपकिरी कवच चिकटलेलं, दुसऱ्या टोकाला केसासारखं मूळ. मग तसेच आणखी. अशा नऊ बिया रुजलेल्या होत्या आणि त्यातल्या दोन मी स्वतःच्या हाताने मोडल्या. वर काही दिसत नव्हतं कारण दिसायचंच नव्हतं. पहिलं वर्ष सगळं मातीखाली, इवलासा कंद तयार करण्यात जातं. उरलेल्या सात चमच्याने उचलून परत लावल्या. मिरच्या बादलीत लावल्या, चांगल्या आल्या.

पाकिटाबरोबरच्या पत्रकात हे होतं का? होतं. "दोन हिवाळे" एवढे दोन शब्द, बारीक अक्षरात, मागच्या बाजूला. माझी या बियांबद्दल खरी तक्रार हीच आहे. "पहिल्या वसंतात कुंडी रिकामी दिसेल, हात लावू नका" हे ठळक छापायला किती शाई लागते?

मे 2024 मध्ये त्या सातांपैकी सहांनी गवतासारखं पान काढलं. जुलैअखेर ते पिवळं पडून गेलं आणि माझा जीव पुन्हा वरखाली. पण तेही नेहमीचंच. काम संपलं की पान जातं, कंद झोपतो. या मे महिन्यात, म्हणजे 2025 मध्ये, पाच परत आले आणि या वेळी खरं पान: छोटं, हृदयाच्या आकाराचं, देठावर एकटंच. फ्रिजवाली दोन धरून सात रोपं, सात पानं. फ्रिजवाल्यांची पानं जरा रुंद आहेत, पण तीही एकेकटीच. अशी एकपानी अवस्था काही वर्षं चालते, मग तीन पानं येतात, मग कधीतरी फूल.

पैशांपेक्षा लक्ष जास्त जातं. ओल सुटू द्यायची नाही, पाणी साचू द्यायचं नाही, शरद ऋतूत मेपलची पानं हाताने चुरून वर पसरायची. आणि एक गोष्ट आपल्याकडच्या माणसाला पचत नाही: गांडूळखत घालू नका. मी वाईच्या शेतकरी घरातली, गांडूळ शेतकऱ्याचा मित्र हे शाळेपासून पाठ. मी तर कुंडीत चार गांडुळं सोडायला निघाले होते. पण हा सगळा प्रदेश हिमयुगात बर्फाखाली होता, त्यामुळे इथे मूळची गांडुळं उरलीच नाहीत. आज इथे दिसणारी गांडुळं जवळजवळ सगळी युरोपातून आलेली. ती जंगलातल्या पालापाचोळ्याचा थर फस्त करतात आणि ट्रिलियमसारख्या झाडांना तर तोच थर हवा असतो. दुसरा शत्रू हरीण. आमच्या अंगणात कुंपण आहे म्हणून निभावलं.

ऑफिसात एक हिमाचली सहकारी आहे. फोटो पाहून तो म्हणाला, ही तर आमची नागछत्री. तीही ट्रिलियमच आहे, हिमालयातली जात, फूल लहान आणि जांभळट. तिकडे कंद विकण्यासाठी ती इतकी खणली गेली की आता धोक्यात आलेल्या वनस्पतींत मोडते. फुलायला वर्षानुवर्षं घेणारं झाड एका कुदळीच्या घावात जातं, म्हटल्यावर दुसरं काय होणार.

पाचपैकी चार तारे. एक तारा त्या पत्रकाचा कापला. उगवण मला ठीक वाटली, नुकसान बहुतेक मीच केलं. परत करायचं झालं तर फ्रिजच्या भानगडीत पडणार नाही: सगळ्या बिया बाहेर, कुंडीवर जाळी आणि पाटीवर "2 वर्षं हात लावू नका". भाड्याच्या घरात राहत असाल तर नका घेऊ.

या जुलैसाठी लाल ट्रिलियमच्या बियाही सांगून ठेवल्यात. त्याच्या फुलाला सडक्या मांसाचा वास येतो, त्यावर माश्या येतात आणि परागीकरण होतं. नवऱ्याने एवढीच अट घातलीये, की ती स्वयंपाकघराच्या खिडकीखाली नको.