लहान मुलांच्या वजनाचा ६ महिन्यांचा प्रोग्राम, पलासिया, इंदूर : ५ पैकी ४ स्टार

आधीच सांगतो, क्लिनिकचं नाव लिहीत नाहीये कारण तक्रारीपण करायच्यात आणि माणसं तिथली चांगली आहेत, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. पलासिया चौराह्यापासून पायी पाच मिनिटं, खाली मेडिकल, वर दुसऱ्या मजल्यावर हे लोक. ज्याला कळायचं त्याला कळेल.

आमचे चिरंजीव, वय १०, राहणार राजेंद्र नगर, आजीचे लाडके. मागच्या जुलैत घेऊन गेलो तेव्हा ४६ किलो होते आणि उंची १३८ सेंटीमीटर. हा आकडा मला इतका पक्का पाठ का आहे, तर वजनाचा काटा रिसेप्शनच्या अगदी समोर ठेवलाय आणि तिथल्या पोराने तो हॉलभर ऐकू जाईल असा ओरडून सांगितला, "छियालीस किलो!" समोर सात-आठ लोक बसलेले. आमच्या पोराने टी-शर्ट खाली ओढला आणि पुढचा अर्धा तास माझ्याशी बोलला नाही. एक स्टार तिथेच कापला. जिथे जाड मुलंच येणार तिथे काटा आत केबिनमध्ये ठेवायला काय जातं? नंतर मी तिथल्या डॉक्टर मॅडमना सांगितलं तर पुढच्या वेळी खरंच आत हलवलेला होता, आणि दोन महिन्यांनी परत बाहेर. असो.

त्याआधी आम्ही एक मूर्खपणा केला होता तो सांगतो, म्हणजे तुम्ही करू नका. कॉलनीतल्या एकाच्या ओळखीने एका शेकवाल्या सेंटरला गेलो होतो, रात्रीच्या जेवणाऐवजी पावडर दुधात घालून द्यायची. तीन आठवड्यात दोन किलो उतरलं, आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. मग एका रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात खुडबूड ऐकू आली, जाऊन बघतो तर हा अंधारात बिस्किटाचा पुडा घेऊन ओट्याखाली बसलेला. पुढच्या दीड महिन्यात साडेतीन किलो वाढलं. इथल्या मॅडमना सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत पण पहिल्यांदा हेच म्हणाल्या की वाढत्या मुलाला उपाशी ठेवायचं नसतं, आणि बऱ्याच मुलांचं वजन कमी करायचंच नसतं, आहे तिथे थोपवायचं, उंची वाढत जाते आणि हिशोब आपोआप सुधारतो. मला हे पहिल्यांदा पळवाट वाटली होती. पैसे घेणार आणि वजन कमी करणार नाही, वा!

पण मग त्यांनी चार्ट काढला. मुलांचा बीएमआय (उंचीच्या हिशोबात वजन किती, तो आकडा) मोठ्यांसारखा बघत नाहीत हे मला माहीतच नव्हतं, वय आणि मुलगा का मुलगी त्याप्रमाणे रेषा असतात, आपल्या इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचे ५ ते १८ वर्षांचे चार्ट २०१५ चे आहेत, त्यात मोठ्या माणसाच्या २३ आणि २७ बीएमआयला जुळणाऱ्या दोन रेषा आहेत, पहिलीच्या वर म्हणजे वजन जास्त, दुसरीच्या वर म्हणजे लठ्ठपणा. आमचा ठिपका २४.२ वर, म्हणजे त्याच्या वयाला दुसऱ्या रेषेच्याही वर. घरी सगळे "खात्यापित्या घरचा आहे" म्हणत होते.

आता मेन गोष्ट. त्याची मान मागून काळी पडली होती. माझी आई रोज अंघोळीच्या वेळी बेसन-हळद लावून ती मान घासायची, "मळ बसलाय नुसता, नीट अंघोळ करत नाही कार्टा" करत. कधीकधी तो रडायचा. मॅडमनी कॉलर खाली करून बघितली आणि आईला म्हणाल्या, आजी हा मळ नाहीये, शरीरात इन्सुलिन जास्त झालं की मानेवर आणि काखेत कातडी अशी काळी जाड होते, घासून जाणार नाही, वजन थांबलं की हळूहळू फिकट होईल. आई काही बोलली नाही. जिन्यात उतरताना तिने त्याच्या मानेवर नुसता हात ठेवला आणि तसाच खालपर्यंत ठेवला. त्या दिवसापासून घरात जो फरक पडला तो डायटच्या कागदाने नाही पडला, इतकं मी लिहून देतो.

रक्त तपासलं, साखर काठावर, लिव्हरचा एक आकडा थोडा वर. थायरॉइडचं मीच विचारलं कारण सगळे नातेवाईक तेच म्हणत होते. त्या म्हणाल्या की थायरॉइड किंवा दुसऱ्या हार्मोनने वजन वाढलं तर बहुतेक उंची खुंटते, याची उंची छान वाढतेय, तेव्हा तो संशय कमी, तरी करायची तर करा. आम्ही केली, नॉर्मल आली, ते पैसे गेले, पण मावशीचं तोंड बंद झालं.

प्रोग्राम असा की पहिले दोन महिने दर आठवड्याला, मग पंधरवड्याला, आणि आईबाप दोघं हवेतच. मी म्हटलं एवढ्या वेळा कशाला, तर म्हणाल्या अमेरिकेत तज्ज्ञांच्या समितीने अभ्यास तपासून सांगितलंय की मुलं-पालकांना मिळून किमान २६ तास दिले तरच फरक दिसतो, एकदा येऊन कागद नेला तर नाही. फी १४,०००, विमा यात काही देत नाही. महाग आहे, उगाच कशाला खोटं बोलू.

डायटिशियन ताई भेटायला गोड, पण पहिला कागद त्यांनी जो दिला तो कॉम्प्युटरातून निघालेला, त्यात किनोआ, ग्रीक योगर्ट, अवोकाडो. इंदूरच्या मराठी घरात अवोकाडो! मी हसलो तर त्याही हसल्या आणि दुसऱ्या वेळी कागद बाजूला ठेवून म्हणाल्या घरात महिन्याचं तेल किती आणि सेव किती ते सांगा. तेल पाच जणांत सात लिटर. सेव मोजायची कशी, डबा डायनिंग टेबलवरच असतो, जाता येता मूठ. त्यांनी दुकानाची बिलं आणायला सांगितली. दोन किलोच्या वर निघाली भिया. महिन्याला. पोह्यावर सेव, वरण-भातावर सेव, साबुदाण्याच्या खिचडीवर सेव, आणि मी तर दहीभातावर पण घेतो.

मला वाटलं होतं पोहे बंद होणार आणि माझं आयुष्य संपणार. तर म्हणाल्या इंदुरी पोहे तर वाफेवरचे असतात, खाली गरम पाण्याचं पातेलं ठेवून वर गरम ठेवतात, तेल फार नसतंच, भानगड आहे वरच्या सेवेची, सोबतच्या जिलबीची आणि "अजून एक प्लेट"ची. घरी पोहे करा, त्यात मटार-शेंगदाणे घाला, वर कांदा-कोथिंबीर-लिंबू-जिरावण (पोह्यांवरचा इंदुरी मसाला) कितीही, सेव एक चमचा. रविवारी छप्पनला, म्हणजे छप्पन दुकान या इथल्या खाऊगल्लीला, जाणं बंद नाही केलं, महिन्यात एकदा केलं. इथे खरं सांगायचं तर तो पोरगा छप्पनला जायचं कधीच मागत नव्हता, मी नेत होतो, मला खायचं असायचं आणि त्याचं निमित्त. माझं वजन तेव्हा ९४ होतं. ताईंनी ते वहीत लिहून घेतलं आणि काही बोलल्या नाहीत, मला तेच जास्त लागलं.

लाल-पिवळा-हिरवा अशी सिग्नलची पद्धत आहे, लाल म्हणजे आठवड्यात मोजून, पिवळा म्हणजे बेताने, हिरवा म्हणजे पोटभर. आमच्या पोराला ती दहा मिनिटांत आली, इंदूरची मुलं ओला-सुका कचरा वेगळा करत मोठी झालीत, वर्गीकरण त्यांना शिकवायला लागत नाही. त्याने फ्रिजवर चिकट्या लावल्या. मग पाकिटामागचं वाचायला शिकवलं, चार ग्रॅम साखर म्हणजे एक चमचा. तेव्हापासून हा माणूस लग्नात उभा राहून मामाला सांगतो की ३०० मिलीच्या त्या काळ्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत आठ चमचे साखर आहे. मामा अजून रुसलाय. शाळेत सीबीएसईने २०२५ मध्ये शुगर बोर्ड (कशात किती साखर ते दाखवणारा फलक) लावायला सांगितलं ते याच्या शाळेत लागलंय, छान रंगीत आहे, आणि बोर्डापासून वीस पावलांवर कँटीनमध्ये तीच बाटली मिळते.

अजून एक नियम मला फार आवडला. काय, कधी आणि कुठे बसून खायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं ते त्याने. "अजून एक पोळी घे, माझ्यासाठी" बंद, आणि "बस्स आता, किती खातोस" हे पण बंद. आईला पहिलं बंद करायला दोन महिने लागले आणि मला दुसरं बंद करायला त्याहून जास्त. दुसरं वाढप हवं असेल तर थोडा वेळ थांबायचं, गप्पा मारायच्या, मग हवं तर घ्यायचं. अर्ध्या वेळा तो विसरून उठून जातो. घरात काटा ठेवायचा नाही, बक्षीस खाण्याचं द्यायचं नाही, आणि टीव्हीसमोर ताट न्यायचं नाही.

व्यायामाचं थोडं हुकलं. रोज तासभर घाम येईल असं खेळायला हवं हे सगळीकडे सांगतात, यांनीही सांगितलं, पण यांच्याकडे जे आहे ते म्हणजे एका खोलीत चटया आणि एक ट्रेनर, आणि मुलांना त्याचा कंटाळा येतो. आमचे आजोबा म्हणाले मल्लखांबाला घाला, मध्य प्रदेशचा राज्य खेळ आहे २०१३ पासून, आणि आपल्या मराठी मुलाने नाही करायचा तर कुणी. नेलं. पहिल्या दिवशी खांबावरून सरकला, पोरं हसली, विषय संपला. क्रिकेट खेळतो म्हणायचा, जाऊन बघितलं तर अंपायर असायचा. शेवटी सायकल जमली, मी आणि तो संध्याकाळी पिपलियापाल्याच्या रीजनल पार्ककडे जातो, सुरुवातीला मीच धापा टाकत होतो आणि तो पुढे जाऊन थांबायचा, हे त्याला फार आवडतं.

झोपेचं कुणी आधी बोललंच नव्हतं. याच्या वयाला ९ ते १२ तास हवी, हा साडेअकरापर्यंत टॅबवर आणि पावणेसातला बस. टॅब आता साडेनऊला आजीच्या कपाटात जातो, किल्ली तिच्या कमरेला.

रिझल्ट. नऊ महिन्यांत उंची १४२, वजन ४६.२. म्हणजे काट्यावर बघाल तर काहीच झालं नाही, आणि शेजारी तेच म्हणतात. पण बीएमआय २४.२ वरून २२.९ वर आलाय, लिव्हरचा आकडा नॉर्मल, पँट सैल. रेषेच्या अजून वरच आहे, मानेचा रंग थोडा उजळलाय, पूर्ण नाही. मधे दिवाळीत सव्वा किलो वाढलं होतं, थंडीत गराडू (इथला तळलेला कंद) पण झाले, त्यांनी ओरडाआरडा केला नाही, नुसतं विचारलं की कुठल्या चार दिवसांत काय झालं आणि पुढच्या वर्षी फराळाचा डबा कुठे ठेवणार.

मोठी तक्रार पुढची आहे. सहा महिने झाले की प्रोग्राम संपतो आणि मग व्हॉट्सअपवर "हॅप्पी मंडे, ड्रिंक वॉटर" असले फॉरवर्ड येतात. अरे, खरी परीक्षा तर आत्ता आहे, सेवेचा डबा टेबलावर परत यायला बघतोय, मागच्या आठवड्यात मीच अर्धा किलो आणली. तीन महिन्यांनी एकदा चार्टवर ठिपका मांडून द्यायला ४०० रुपये घ्या ना, आनंदाने देऊ. विचारलं तर म्हणाले नवीन पॅकेज घ्या. ते काम आता आम्ही कॉलनीतल्या मुलांच्या डॉक्टरांकडून करून घेतो, त्यांच्याकडे तोच चार्ट आहे.

जाणार असाल तर गुरुवारी संध्याकाळी जा, शनिवारी दीड तास बसवतात. गाडी नेऊ नका, खाली जागा नाही. लिफ्ट बहुतेक बंद असते, पण आजीला काहीही करून दुसऱ्या मजल्यावर चढवा आणि पहिल्याच भेटीला न्या. आणि काटा बाहेर दिसला तर मुलाला चढवायच्या आधी आत ठेवायला सांगा, आता ठेवतात.