ई-रीडरवर पुस्तकांच्या मालिका : एका कोकणी पावसाळ्यानंतरचा अनुभव

सुट्या पुस्तकाने माझं भागत नाही. माणसं आवडली की पुढचे पाच-सात भाग त्यांच्याच सोबत काढायचे, ही शाळेपासूनची खोड. त्यातही नियम आहेत: सगळे भाग हाताशी आल्याशिवाय पहिला उघडायचा नाही, आणि वाचायचे ते छापून आले त्याच क्रमाने. गुहागरकडे राहून हे जमवणं सोपं नाही. वाचनालयातला तिसरा भाग कायम कोणीतरी नेलेला असतो. मागवावा तर ऐन पावसात घाटात दरड येते आणि पार्सल वाटेतच बसतं. पुस्तकं घरी पोचली तरी आषाढात भिंत ओल धरते, पानं फुगतात, पुठ्ठ्यावर बुरशी चढते आणि बांधणीतली खळ कसर खाते. म्हणून मे महिन्यात सहा इंची ई-रीडर, म्हणजे नुसती पुस्तकं वाचायचं यंत्र, घेतला आणि मिरगाआधी आगोटीचं सामान भरावं तशा काही अख्ख्या मालिका त्यात भरून ठेवल्या.

आधी यंत्राबद्दल. ई-इंकचा, म्हणजे कागदासारखा दिसणारा, पडदा वीज खातो ती पान बदलताना. पान नुसतं समोर असताना नाही. त्यामुळे चार्जिंगची आठवण क्वचितच होते. वादळी पावसात गेलेली लाईट दुसऱ्या दिवशीही येईलच असं इथे नसतं, तेव्हा याचं मोल कळतं. अंधारात आतला दिवा लावला की मात्र पावसाळी किडे थेट ओळींवर येऊन बसतात. दिवा अगदी मंद ठेवायचा, दुसरा इलाज नाही. पडवीत झोपाळ्यावर वाचताना झड आत आली की वेगळीच गंमत. पडद्याला थेंब आणि बोट यातला फरक कळत नाही. थेंब पडला, पान उलटलं. पुसायला हात फिरवला, आणखी दोन उलटली. रहस्यकथेच्या शेवटच्या प्रकरणात हे झालं की जीव नकोसा होतो. वॉटरप्रूफ, आयपीएक्स-८ (पाण्यात टिकण्याचं मानांकन) वगैरे लिहिलेलं असतं ते गोड्या पाण्याबद्दल. समुद्राच्या पाण्याची हमी त्यात नाही. किनाऱ्यावर नेलात तर घरी येऊन कोरड्या फडक्याने पुसा, आणि एरवीही सिलिका जेलच्या पुड्या टाकून डब्यात ठेवा.

आता मालिका. क्रमाच्या बाबतीत दुकानातल्या आकड्यावर डोळे मिटून विसंबू नये. सी. एस. लुईसची मुलांसाठीची नार्निया मालिका बघा. १९५० साली आलेलं पुस्तक पहिलं की १९५५ चं, हा वाद जुना आहे. कथेचा काळ बघितला तर १९५५ चं आधी येतं, म्हणून अलीकडे एक नंबर त्यालाच देतात. मी १९५० चंच आधी घेतलं. कपाटापलीकडचं जग पाहिलेलंच नसताना ते तयार कसं झालं हे ऐकण्यात काय मजा? शेरलॉक होम्सचंही तेच. कॉनन डॉयलने १८९३ मध्ये त्याला धबधब्यात संपवला, १९०१ मध्ये शिकारी कुत्र्याची कादंबरी सुरू केली ती मरणाआधीच्या काळातली म्हणून, आणि खरोखर परत आणला १९०३ मध्ये. लेखकाला सुटायचंय आणि वाचक सोडत नाहीत, ही रस्सीखेच छापील क्रमाने गेलं तरच दिसते.

कागदी पुस्तकात शेवट जवळ आलाय हे उजव्या हाताच्या अंगठ्याला कळतं. इथे खाली टक्के दिसतात, आणि मालिकांच्या बाबतीत ते टक्के चक्क थापा मारतात. पुष्कळ भागांच्या शेवटी पुढच्या भागाचं पहिलं प्रकरण जोडलेलं असतं. त्र्याण्णव टक्के झाले, अजून एखादं प्रकरण उरलंय म्हणून चहा ठेवावा, तर परत येऊन बघतो तो गोष्ट संपलेली आणि पुढच्या पुस्तकाची जाहिरात सुरू. आता मी नव्या भागाची अनुक्रमणिका आधी उघडून खरा शेवट कुठे आहे ते बघून ठेवतो. इतरांनी केलेल्या अधोरेखा दाखवण्याची सोयही पहिल्याच दिवशी बंद करा. एखाद्या साध्या वाक्याखाली शेकडो लोकांनी रेघ मारलीय म्हटलं की पुढे काय होणार ते कळतंच.

चौथ्या भागात अचानक उगवलेला माणूस दुसऱ्या भागात कोण होता, हे शोधायला सर्च उत्तम. मराठीत मात्र विभक्ती आडवी येते. ‘परांजपे’ शोधलं तर ‘परांजप्यांनी’ हाती लागत नाही. ‘परांजप’ एवढंच टाकून बघावं लागतं, ते कधी चालतं, कधी नाही.

मराठी मालिकांसाठी मी अजून कागदावरच आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांच्या मागे लागायचं तर बहुतेक जुनी, पिवळी, कोपरे गेलेली पुस्तकंच शोधावी लागतात, आणि ती तशीच वाचायला बरी वाटतात. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचे भाग घरच्या ट्रंकेत आहेत, ते तिथेच राहू देत. स्कॅन केलेल्या पीडीएफच्या वाटेला जाऊ नका. सहा इंचांत जोडाक्षरं मुंग्यांएवढी दिसतात.

सगळ्यात मोठी तक्रार घरातून आली. पूर्वी मी चौथ्या भागावर, वहिनी दुसऱ्यावर आणि आई पहिल्यावर, अशी मालिका घरभर फिरायची. आता यंत्र एक आणि वाचणारे तीन. जेवणं झाली की वहिनी विचारते, “भावजी, तुमचं झालं की नाही अजून?” तिच्याकडून परत येतं तेव्हा अक्षर हे एवढं मोठं केलेलं असतं आणि माझं पान कुठच्या कुठे. गणपतीत मुंबईकर आले तेव्हा तर मला ते हातात मिळालंच नाही.

भाग संपल्या संपल्या पुढचा उघडू का असं यंत्र विचारतं. मी नाही म्हणतो. दोन भागांच्या मध्ये एखादा जुना दिवाळी अंक वाचायचा हा माझा नेम आहे, नाहीतर चौथा आणि पाचवा डोक्यात एकच होऊन बसतात. ज्याला सलग फडशा पाडायचाय त्याला हे यंत्र फारच सोयीचं.

एकटे वाचत असाल, मालिका लांब असेल आणि घर समुद्राजवळ असेल, तर बेलाशक घ्या. सोबत कातडी कव्हर मात्र घेऊ नका. माझ्या कव्हरवर श्रावणातच हिरवट बुरशी आली. व्हिनेगरने पुसलं, उन्हाची तिरीप बघून वाळवलं, तरी कुबट वास काही जाईना. साधं सिलिकॉनचं घ्या.