ग्रेट ग्लेन की ग्लेन अफ्रिक?

स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये, म्हणजे तिथल्या डोंगराळ भागात, सायकल घेऊन जायचं ठरलं की हे दोन मार्ग समोर येतात (ग्लेन म्हणजे दरी).

ग्रेट ग्लेन म्हणजे फोर्ट विल्यम ते इनव्हरनेस, साधारण १२५ किमी. लॉकी, ऑइक आणि नेस ही लांबट तळी (तिकडे लॉख म्हणतात) आणि त्यांना जोडणारा, १८२२ साली खुला झालेला कॅलेडोनियन कालवा. कालव्याकाठची वाट सपाट. वाटेत गावं, चहा, मुक्कामाची सोय. लॉख नेसजवळ मात्र चढ घाम काढतात आणि ते टाळायला ए-८२ रस्ता धरलात तर ट्रक-बस अंगाला घासून जातात.

ग्लेन अफ्रिकची गंमत वेगळी. ड्रमनाड्रॉकिटहून पश्चिमेला मॉर्विचपर्यंत जेमतेम ७० किमी, पण किलोमीटरवर जाऊ नका. जुन्या स्कॉट्स पाइनचं जंगल, खोडं तांबूस, खाली हेदरची झुडपं आणि ओलं शेवाळ. अफ्रिक तळ्याच्या पुढे कच्ची वाट, दगड, ओढे. तिथल्या ऑल्टबी हॉस्टेलपर्यंत गाडीरस्ताच नाही. त्यानंतरच्या खिंडीत सायकल बऱ्यापैकी ढकलावी लागते. या टप्प्यात दुकान नाही, त्यामुळे खाणं, ट्यूब, पंप सगळं सोबत हवं. आणि तिकडच्या उन्हाळ्यात (जून ते ऑगस्ट) मिजेस, म्हणजे चिलटांची फौज! वारा थांबला की तुटून पडतात. डोक्यावर जाळी नसेल तर तंबू लावणंही नकोसं होतं.

पहिल्यांदाच जाणाऱ्याने, तेही पॅनियर (चाकाशेजारी लटकवायच्या पिशव्या) लादलेल्या साध्या टुरिंग सायकलवर, ग्रेट ग्लेनच घ्यावा. रुंद टायर आणि मे महिना हाताशी असेल तर माझं मत अफ्रिकला.